गाठ परत आली का? रक्ततपासणी किती सांगते

स्तनाच्या कॅन्सरचा उपचार संपलेल्या आपल्या माता-भगिनी विचारतात, ‘आजार परतला तर रक्तातून कळेल का?’ कोणी उसने पैसे काढून ‘सीए १५-३’ तपासणी करून घेते. आपण आधी ती समजून घेऊ.

ही तपासणी रक्तातले एक प्रथिन मोजते. कॅन्सर पसरला तर ते वाढू शकते. पण यकृताच्या आजारातही वाढते. उलट, आजार परतूनही आकडा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून काही त्रास नसलेल्या बाईने ती नेमाने करावी, असे तज्ज्ञ सांगत नाहीत. पसरलेल्या आजारात औषध लागू पडते का, हे पाहायला मात्र डॉक्टर ती करायला सांगतात.

मग काय करावे? पहिली ३ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढची २ वर्षे दर ६ ते १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावे. दरवर्षी मॅमोग्राफी करावी. चालू गोळ्या मध्येच सोडू नयेत. नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, धाप किंवा कावीळ दिसली, तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून घरी बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.

ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तपासणीच्या जाहिरातीलाही आपण तीच कसोटी लावू.