थंडीत कोंबड्या पाणी कमी का पितात?

प्रश्न : परसात पंधरा कोंबड्या आहेत. डिसेंबर लागला की सकाळी त्या पाण्याला चोच लावत नाहीत, अंडीही घटतात. पाणी गरम करून द्यावे का?
– एक वाचक, मरोदा (भिलाई)

उत्तर : मोठ्या कोंबड्यांना गरम पाण्याची गरज नाही. तुमच्याकडे पाणी गोठत नाही, पण रात्रभर उघड्यावर राहिलेले गार पाणी त्या टाळतात. अंड्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी कमी पडले की खाणे आणि अंडी दोन्ही घटतात. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण 200 ते 250 मिली पाणी लागते.

संध्याकाळी भांडी रिकामी करून घासून ठेवा. सकाळी बोअरचे ताजे पाणी भरा. ते टाकीतल्या पाण्यापेक्षा कोमट असते. एक-दोन दिवसांच्या पिल्लांना मात्र कोमट पाणीच द्या.

भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे पाणी सांडत नाही. खालचे भाताचे तूस ओले झाले तर अमोनियाचा वास सुटतो आणि रक्ती हगवणीचा धोका वाढतो. ओले तूस लगेच बदला.

अंडी घटण्यामागे लहान दिवसही असतो. बल्ब लावून एकूण उजेड 14 ते 16 तास करा. तरीही फरक पडला नाही, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.