सोन्याचे अस्तर, तांब्याची तार

(वेगवान मोटारीचे इंजिन ताकद निर्माण करते, तशी प्रचंड उष्णताही निर्माण करते. या उष्णतेपासून इंजिनाजवळच्या विजेच्या तारांचे रक्षण कसे करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, स्पोर्ट्स कार म्हटली, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? जमिनीलगत धावणारे बुटके अंग, रुंद चाके आणि कानात घुमणारा इंजिनाचा आवाज. या साऱ्यांचे आपल्याला कौतुक वाटते. पण याच गाडीच्या पोटात बारीक बारीक तारांचे जाळे पसरलेले असते, तिकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्यांतली एखादी महत्त्वाची तार जळाली, तर लाखमोलाची गाडी जागच्या जागी उभी राहते. कधी कधी तर ती पेट घेते आणि आत बसलेल्यांच्या जिवावर बेतते.

मग या तारांना एवढी भीती कशाची? भीती असते उष्णतेची.

इंजिनात पेट्रोल जळते. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. जळालेला वायू इंजिनातून बाहेर पडतो, तेव्हा त्याचे तापमान ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत असू शकते. हा वायू वाहून नेणारी धुराची नळी जोरात चालवलेल्या गाडीत अंधारात लाल दिसावी इतकी तापते. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन मोठे आणि जागा थोडी. त्यामुळे तापलेली नळी आणि विजेची तार एकमेकींच्या शेजारणी होतात.

आता तारेकडे पाहू. तारेच्या आत तांबे असते. तांबे वितळायला १०८५ अंश तापमान लागते. म्हणजे तांब्याला फारशी भीती नाही. खरा नाजूक असतो तो तांब्यावरचा प्लॅस्टिकचा थर. गाडीत वापरले जाणारे साधे प्लॅस्टिकचे वेष्टण ८० ते १०५ अंशांपर्यंतच टिकते. त्याहून जास्त उष्णता रोज मिळाली, की ते आधी कडक होते, मग ठिसूळ होते. इंजिनाच्या थरथरीने त्याला तडे जातात आणि आतले तांबे उघडे पडते. हे उघडे तांबे गाडीच्या लोखंडी अंगाला टेकले, की शॉर्टसर्किट होते. फ्यूज असेल, तर तो उडतो आणि धोका टळतो. पण बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेला बहुतेक गाड्यांमध्ये फ्यूज नसतो. ती तार उघडी पडली, तर ठिणग्या उडून आग लागायला वेळ लागत नाही.

शत्रूला रोखायचे, तर तो कोणत्या वाटेने येतो हे आधी ओळखावे लागते. उष्णतेच्या तीन वाटा तुम्ही विज्ञानात शिकला आहात. गरम चहात ठेवलेल्या चमच्याचा दांडा तापतो, ते वहन. चुलीवरच्या पातेल्यातले पाणी वर-खाली फिरून तापते, ते अभिसरण. आणि निखाऱ्यांपासून दूर बसूनही चेहऱ्याला ऊब लागते, ते प्रारण. इंजिनाजवळची तार या तिन्ही वाटांनी तापते. तापलेल्या भागाला ती टेकली, तर वहनाने. भोवतालच्या गरम हवेमुळे अभिसरणाने. आणि समोरच्या लाल नळीमुळे प्रारणाने.

प्रारण कसे रोखतात, याचे एक नवलाचे उदाहरण पाहा. इंग्लंडमधील मॅक्लारेन कंपनीने १९९२ साली ‘मॅक्लारेन एफ-१’ नावाची स्पोर्ट्स कार जगापुढे आणली. गॉर्डन मरे हे तिचे रचनाकार. तीन माणसांच्या या गाडीत चालक मधोमध बसतो आणि त्याच्या पाठीमागे बारा सिलिंडरांचे मोठे इंजिन असते. १९९८ साली या गाडीने ताशी सुमारे ३८६ किलोमीटर वेग गाठला. गाडीचा सांगाडा कार्बनच्या तंतूंचा आहे. हे तंतू एका प्रकारच्या राळेने एकमेकांना जोडलेले असतात आणि फार उष्णता मिळाली, तर राळ मऊ पडते. म्हणून मरे यांनी इंजिनाच्या कप्प्याला आतून चक्क सोन्याच्या वर्खाचे अस्तर लावले! प्रत्येक गाडीला सुमारे १६ ग्रॅम सोने लागले.

हे सोने श्रीमंती मिरवण्यासाठी नव्हते, बरे का! उष्णतेचे प्रारण परतवून लावण्यात सोन्याचा हात धरणारे पदार्थ थोडेच आहेत. शिवाय सोने गंजत नाही, काळवंडत नाही. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेवरही सोन्याचा अतिशय पातळ थर देतात, तो याच कारणासाठी.

पण तारांच्या रक्षणासाठी दर वेळी सोने लागत नाही. नियम तोच ठेवून स्वस्त साहित्यानेही काम भागते. कुशल कारागीर पुढील उपाय करतात.

पहिला उपाय अंतराचा. तार धुराच्या नळीपासून जितकी दूर, तितका प्रारणाचा मारा कमी. म्हणून तारेचा मार्गच आधी विचारपूर्वक ठरवतात आणि ती जागोजागी चिमट्यांनी पक्की बांधतात. नाहीतर धक्क्यांनी ती हळूहळू सरकते आणि एक दिवस नळीला जाऊन टेकते.

दुसरा उपाय पडद्याचा. नळी आणि तार यांच्यामध्ये चकचकीत पत्रा उभा करतात. मात्र पत्रा आणि नळी यांच्यात मोकळी जागा सोडावी लागते. पत्रा नळीला टेकला, तर वहनाने तोच तापतो आणि मग पडदाच शेगडी बनतो.

तिसरा उपाय अंगरख्याचा. काचतंतूंची विणलेली नळी तारेवर चढवतात. तिच्यावर ॲल्युमिनिअमचा चकचकीत थर असतो. तो प्रारण परतवतो आणि काचतंतू उष्णता सहज आत जाऊ देत नाहीत. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगरखा उष्णतेला उशीर करतो, कायमचा अडवत नाही. भोवतालची हवा तासन्‌तास गरमच राहिली, तर आतली तारही शेवटी तेवढीच तापते. म्हणून गरम हवेला बाहेर जायला वाट ठेवणे हेही रक्षणच होय.

चौथा उपाय तारेच्या निवडीचा. जिथे उष्णता टाळताच येत नाही, तिथे साध्या प्लॅस्टिकऐवजी सिलिकॉन रबराचे किंवा टेफ्लॉनचे वेष्टण असलेली तार वापरतात. अशी वेष्टणे २०० अंशांच्या आसपासही टिकतात. ती महाग असतात, पण गाडीपेक्षा आणि जिवापेक्षा महाग नसतात.

इथे आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. रक्षण करणारी वस्तू स्वतः उष्णता सोसणारी हवी. इटलीतील फेरारी कंपनीच्या ‘४५८ इटालिया’ या गाडीत मागच्या चाकांवरच्या कमानींत उष्णता अडवणारे पत्रे गोंदाने चिकटवले होते. अतिशय उष्णतेत तो गोंदच धुमसून पेट घेऊ शकतो, असे आढळले. काही गाड्यांना आग लागल्यावर २०१० साली कंपनीने १,२०० हून अधिक गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी धातूच्या खिळ्यांनी ते पत्रे बसवून दिले. पत्रा बसवला होता आगीपासून वाचवण्यासाठी, आणि आगीचे कारण ठरला त्याचाच गोंद! कुंपणानेच शेत खावे, तसे हे झाले.

आता सांगा, गाडीतील तारा केव्हा जास्त तापतात? गाडी वेगात असताना, की थांबल्यावर? तुम्ही म्हणाल, वेगात असताना. पण पुष्कळदा उलट घडते. गाडी धावत असते, तेव्हा समोरून येणारा वारा उष्णता वाहून नेतो. गाडी थांबवून इंजिन बंद केले, की वारा थांबतो आणि इंजिनाभोवती फिरणारे पाणीही थांबते. तापलेल्या लोखंडातली उष्णता मात्र बाहेर पडतच राहते. त्यामुळे काही मिनिटे कप्प्यातले तापमान उतरण्याऐवजी चढते. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरत राहतो, तो याचसाठी. तो बिघाड नव्हे.

मित्रांनो, तुम्ही कदाचित स्पोर्ट्स कारमध्ये बसणार नाही; पण रिक्षा, मोटारसायकल, टेम्पो यांतून जाताच ना? तिथेही तारा असतात आणि उष्णताही असते. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, तर गप्प बसू नका. चालकाला लगेच सांगा. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि सर्वांनी उतरून दूर उभे राहावे. धूर येत असेल, तर बॉनेट सताड उघडू नये. आत हवा शिरली, की आग भडकते. फ्यूज उडाला, तर त्याच्या जागी जाड तार कधीही बसवू नये. फ्यूज स्वतः जळून गाडी वाचवतो. जाड तार स्वतः वाचते आणि गाडी जाळते.

सोन्याचा वर्ख असो, की चार आण्यांचा चिमटा, दोघांचे काम एकच. उष्णतेची वाट ओळखून ती अडवणे. ज्याने ही वाट ओळखली, त्याला रक्षणाचा उपायही सापडतो.

शब्दार्थ
वेष्टण – वरचे आवरण
ठिसूळ – सहज मोडणारे
प्रारण – मध्ये काही पदार्थ नसतानाही उष्णतेचे पसरणे
वर्ख – धातूचा अतिशय पातळ पत्रा
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप
हात धरणे – बरोबरी करणे
जिवावर बेतणे – प्राणसंकट येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तारेचा कोणता भाग उष्णतेने आधी खराब होतो?
(आ) ‘मॅक्लारेन एफ-१’ गाडीचे रचनाकार कोण?
२. कारणे लिहा.
(अ) उष्णता अडवणारा पत्रा नळीला टेकू देत नाहीत.
(आ) इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे कप्प्यातले तापमान वाढते.
३. ‘कुंपणानेच शेत खाणे’ या म्हणीचा अर्थ पाठातील उदाहरणाच्या आधारे पाच ओळींत सांगा.
४. तुमच्या घरातील एका वस्तूत उष्णता अडवण्यासाठी काय केले आहे, ते पाहून लिहा.