विमानाचे क्षरण व त्याचे निवारण

लोखंडातून उपजलेला गंज लोखंडासच खातो, हा दृष्टान्त धम्मपदाच्या मलवग्गात आहे. कराडच्या विमानतळावर उभ्या राहणाऱ्या लहान खासगी विमानासही तो लागू पडतो.

अशा विमानाचा पत्रा बहुधा सुमारे ४ टक्के तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. तांब्याने बळकटी येते; परंतु ओलाव्यात तेच तांबे सभोवतालच्या ॲल्युमिनियमचा क्षय घडविते. म्हणून पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर व रंग देतात. सांगली जिल्ह्यातील जतच्या कोरड्या हवेत हा धोका कमी. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडात पावसाळ्यात अधिक.

रंगाखालील फुगवटे व रिवेटभोवतीची पांढरी भुकटी ही पहिली लक्षणे होत. ती दिसताच परवानाधारक अभियंत्यास दाखवावीत. विमानाच्या पोटाखालील निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. पत्रा पोलादी तारेच्या ब्रशने घासू नये. रुतलेले लोहकण नवे क्षरण सुरू करतात. उभ्या विमानाचे इंजिन क्षणभर चालवून बंद करू नये. तेल पुरेसे तापत नाही व ज्वलनातून आलेले पाणी आतच राहते.

राखणाऱ्याचा प्रमाद हाही मलवग्गात मलच मानला आहे. जमिनीवर झालेल्या प्रमादाची दुरुस्ती आकाशात करता येत नाही.