केकची पूर्वतयारी

आमटीत मीठ कमी पडले, तर ते वरून घालता येते. भाजी कच्ची राहिली, तर झाकण ठेवून तिला आणखी एक वाफ आणता येते. स्वयंपाकघरातील बहुतेक पदार्थ असे क्षमाशील असतात. हात चुकला, तरी ते सुधारण्याची संधी देतात. केकचा स्वभाव मात्र निराळा आहे. मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेले, की त्यात काही घालता येत नाही, ते ढवळता येत नाही. बराच वेळ दार उघडून पाहण्याचीही सोय नसते. म्हणून केक बिघडतो तो बहुधा ओव्हनमध्ये नव्हे, तर त्यापूर्वीच्या तासाभरात. प्रथमच केक करणाऱ्याचे लोणी, साखर, अंडी वाया जातात आणि मन खट्टू होते, ते या तासाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

साधनांत पहिला मान मापांचा. चिमूटभर हिंग, मूठभर दाणे अशी आपल्या घरांतील मापे असतात आणि मुरलेल्या हाताचा अंदाज सहसा चुकतही नाही. नवशिक्यापाशी मात्र तो अंदाज नसतो. शिवाय प्रत्येक घरची वाटी वेगळी. आणि तीच वाटी चाळलेल्या मैद्याने हलकेच भरली, तर एक वजन येते, दाबून भरली, तर त्याहून बरेच अधिक येते. ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेतील बोस्टन शहरात पाककलेच्या एका शाळेच्या फॅनी फार्मर या प्रमुख होत्या. तरुणपणीच्या दुखण्यामुळे त्यांचे शिक्षण मध्येच थांबले होते. 1896 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी सपाट मापाचा आग्रह धरला: कप वा चमचा भरावा आणि वर आलेला भाग सुरीने सारखा करावा. शिगोशीग भरलेला चमचा कोणाच्या हाती किती भरेल, याचा नेम नसतो. सपाट चमचा सर्वांच्या हाती सारखाच भरतो.

लहान तराजू असेल, तर काम याहून सोपे होते. पौंड केक या नावातच त्याचे प्रमाण दडलेले आहे. मैदा, लोणी, साखर आणि अंडी ही प्रत्येकी एक पौंड घ्यायची. घरच्या पहिल्या केकला एवढा पसारा नको. दोन अंडी कवचासह तोलावीत. त्यांचे वजन साधारण 100 ग्रॅम भरते. तेवढाच मैदा, तेवढेच लोणी, तेवढीच साखर आणि 5 मिलिलिटरचा एक सपाट चमचा बेकिंग पावडर पुरे. लोणी खारे नसावे. ज्या घरी अंडी चालत नाहीत, तेथे मात्र या प्रमाणातून अंडी नुसती वगळून भागत नाही. बिनअंड्याच्या केकचे प्रमाण स्वतंत्र असते.

बेकिंग पावडरीचा जन्म एका घरगुती अडचणीतून झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते राहत. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. त्यामुळे यीस्टने फुगवलेला पाव तिला वर्ज्य होता. तिच्यासाठी त्यांनी 1843 साली खाण्याचा सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र करून एक पूड सिद्ध केली. ही दोन्ही द्रव्ये कोरडी असतात, तोवर शेजारी शेजारी स्वस्थ पडून राहतात. ओल लागताच त्यांच्यात क्रिया होऊन वायू सुटू लागतो. आजच्या पुडीतील काही वायू ओल लागताच आणि उरलेला उष्णतेने सुटतो. यातून दोन गोष्टी निघतात. दमट हवेत उघडा राहिलेला डबा निकामी होतो. म्हणून चमचाभर पूड गरम पाण्यात टाकून ती फसफसते का, हे आधी पाहावे. आणि मिश्रण एकदा ओले झाले, की त्याला ताटकळत ठेवू नये. मैदा कालवून झाल्यावर भांडे शोधायला निघणारा माणूस आपला वायू हवेत घालवीत असतो.

मैदा आणि ही पूड एकत्र करून दोनदा चाळावी. चाळणी नित्याची पिठाची असली तरी चालते. तिला पोळीच्या कणकेचा कोंडा चिकटलेला नसावा, एवढेच.

वायूपेक्षाही महत्त्वाचे काम लोण्याकडे असते. लोणी आणि साखर एकत्र फेटताना साखरेचे कण लोण्यात असंख्य बारीक बुडबुडे कोंडतात. पुढे सुटणारा वायू नवे बुडबुडे घडवीत नाही. तो याच बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. म्हणून मिश्रण फिके आणि हलके होईपर्यंत फेटायचे असते. विजेच्या बीटरने हात दुखायचा वाचतो, पण लाकडी पळीने हे काम उत्तम होते, आणि अंडी फेटायला ताकाची रवीही पुरते. लोणी मात्र योग्य स्थितीत हवे. फ्रिजमधले कडक लोणी फेटले जात नाही आणि वितळलेल्या लोण्यात हवा टिकत नाही. बोट दाबले असता खळगा पडावा, पण बोटाला धार लागू नये. मे महिन्यात याला थोडाच वेळ लागतो, पौषात बराच. अंडीही आधीच बाहेर काढावीत; गार अंड्याने मऊ लोणी पुन्हा आकसते आणि मिश्रण फाटते.

मैदा घातल्यावर मात्र फेटणे थांबवून हलक्या हाताने कालवावे. फार घोटल्यास मैद्याला चिवटपणा येतो.

भांडे फिकट रंगाच्या अॅल्युमिनियमचे, सुमारे 15 सेंटिमीटर व्यासाचे घ्यावे. काळे भांडे उष्णता अधिक शोषते आणि केकची कड मध्याआधीच करपते. आतून लोणी लावून तळाला कागद घालावा; मिश्रण दोनतृतीयांशाहून वर जाऊ देऊ नये.

ओव्हन 180 अंश सेल्सिअसवर आधी तापवून ठेवावा, लोणी फेटण्यापूर्वीच. थंड ओव्हनमध्ये लोणी आधी पाघळते आणि बुडबुडे निसटून जातात; तापलेल्या ओव्हनमध्ये अंडे व मैदा वेळेवर घट्ट होऊन ते बुडबुडे जागच्या जागी धरून ठेवतात. ओव्हन नसला, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. कोकणात काकडी, रवा आणि गुळाचे धोंडस खाली विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भाजत असत. आज जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा थर आणि त्यावर तिवई ठेवून, जड झाकण घालून, मंद आचेवर तेच काम साधते. हे पातेलेही दहा मिनिटे आधी तापवावे. जाड, कोरडे फडके हाताशी असावे. ओल्या फडक्यातून चटका लगेच बसतो, कारण त्यातील पाण्याची क्षणात वाफ होते. लहान मुलांनी हे काम मोठ्या माणसांच्या देखत करावे.

अर्ध्या तासाने मध्यभागी विणकामाची स्वच्छ सुई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली, तर केक झाला. दहा मिनिटांनी तो जाळीवर उलटावा, नाहीतर आतल्या वाफेने तळ ओलसर होतो. कापण्याची घाई नको. थंड झाल्यावर सुरी फिरवली, की आतील जाळी दिसते. मध्यभाग खचला असेल, तर दार लवकर उघडले गेले किंवा पूड जास्त झाली. माथा टोकदार होऊन फुटला असेल, तर आच प्रखर होती. माप आणि वेळ यांच्या शेजारी हेही वहीत लिहून ठेवावे आणि मग केक सर्वांना वाटावा.