संकेतपृष्ठाची दृश्य रचना

मॅक्रोमीडियाने १९९७ साली ड्रीमविव्हर ही संगणकप्रणाली आणली. २००५ मध्ये ॲडोबने ती कंपनीच विकत घेतली. डिझाइन दृश्यात मजकूर टंकलिखित केला की त्याची एचटीएमएल संहिता आपोआप तयार होते. स्प्लिट दृश्यात दोन्ही एकत्र दिसतात. नवशिक्याने तेच उघडे ठेवावे.

नेहमीची चूक चित्राबाबत होते. चित्र पानात साठवले जात नाही. पानात असतो तो केवळ त्याचा पत्ता. हा पत्ता स्वतःच्या संगणकातील 'सी' ड्राइव्हचा राहिला, तर घरी उत्तम दिसणारे शिवणवर्गाचे पान सर्व्हरवर चढवल्यावर इतरांना चित्राच्या जागी रिकामी चौकट दाखवते. म्हणून प्रथम साइटसाठी एकच फोल्डर नेमावे, पान व चित्रे त्यातच जतन करावीत आणि मगच चित्र पानात घालावे.