खताच्या गोणीमागील साखळी

शेवगाव तालुक्यातील कापूस उत्पादक मृगाच्या तोंडावर खत खरेदी करतो, तेव्हा त्या गोणीमागे अनेक देशांतील पुरवठादार असतात. पालाशाची भारताची गरज जवळजवळ संपूर्णपणे आयातीवर भागते. स्फुरदयुक्त खतांसाठी लागणारे खनिज मोरोक्को, जॉर्डन आदी देशांतून येते.

पुरवठादार थोडे असले की एकाची अडचण सर्वांना भोवते. २०२१ मध्ये चीनने खतांच्या निर्यातीवर बंधने घातली. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि जागतिक भाव भडकले. तेव्हा खरिपासाठी केंद्र शासनाने डीएपीच्या गोणीवरील अनुदान १,६५० रुपयांवरून २,५०१ रुपये केले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला.

भाववाढीचा भार अनुदानाने हलका होतो. हुकलेली वेळ मात्र भरून निघत नाही. वाफसा जहाजासाठी थांबत नाही. म्हणूनच अनेक देशांशी दीर्घ मुदतीचे करार व हंगामापूर्वी पुरेसा साठा आवश्यक ठरतो. शेतकऱ्याच्या हातीही उपाय आहेत : माती परीक्षणानुसार खताची मात्रा, शेणखताचा वापर आणि कपाशीत तुरीचे आंतरपीक. जमिनीचा कस जितका घरच्या साधनांनी राखला जाईल, तितकी दूरच्या बंदरावरील भिस्त कमी होईल.