पाळूची राखण

देवगाव फाटा, ता. सेलू

चि. बाळ,

शेत आता तू पाहणार, म्हणजे तळ्याची पाळूही तुझ्याच अंगावर आली. शेततळ्याइतकी ती सोपी नाही. ओढा अडवून घातलेला मातीचा बांध आहे आणि त्याच्या खाली दुसऱ्यांची रानं, वस्त्या आहेत.

सर्वांत आधी सांडवा. मृगाच्या आत त्यातली झुडपं, गाळ काढून टाक. जास्त पाणी साठावं म्हणून त्याच्या तोंडाशी वाळूची पोती लावायचा मोह होईल, लोक सांगतीलही. अजिबात लावू नकोस, सांडवा अडला की पाणी पाळूवरून जातं. दगडी बांधावरून पाणी गेलं तरी तो बहुधा तग धरतो. मातीवरून गेलं की घळ पडते आणि बघता बघता बांध जातो. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी तू पाहिलीसच.

आपली माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट पोटात शिरतं. वरून नुसती माती ढकलून भागत नाही. भेगेच्या तळापर्यंत चर खण, ओलसर माती थराथराने भर, प्रत्येक थर धुम्मस करून घे. बाभळी रोपटं असतानाच उपट. मोठ्या झाडाची मुळं कुजली की पाण्याला वाट होते. गुरं पाळूवर चढू देऊ नकोस.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं, माणसं गेली. खापर फोडलं खेकड्यांवर! गावकरी मात्र गळतीची तक्रार आधीपासून करत होते. खेकडे, घुशी बिळं करतातच. पण ती बघत हिंडणं मालकाचं काम, आणि आपल्या पाळूचा मालक तू आहेस.

म्हणून पावसाळ्यात रोज खालच्या अंगाने पायथ्याशी फिर. थोडा स्वच्छ पाझर चालतो, तरी किती येतो ते लिहून ठेव. तो वाढला किंवा गढूळ झाला तर आतली माती वाहतेय समज. तिथे चिखल लिंपून तोंड बुजवू नकोस, कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, तीवर खडी, मग दगड टाक, म्हणजे पाणी निघेल आणि माती थांबेल. लगोलग मोटारी लावून तळं उतरव.

आणि गढूळ पाणी रात्री दिसलं तर सकाळची वाट पाहू नकोस. आधी खालच्या वस्तीला उठव, पोलीस पाटलाला कळव, मग मला फोन कर.

तुझा काका